गव्हर्नरचा पट्टा

आजोबांनी आजीचं ताकाचं गाडगं फोडलं, ते मला वाफेचं इंजिन समजावून सांगताना.

मे महिना होता, मी आठेक वर्षांचा असेन. पोलादपूरच्या वर डोंगरउतारावर आमची वाडी. वाडीतल्या इतर पोरांचे आजे मुंबईत साचा चालवायचे, गोदीत ओझी उचलायचे, कुणी पोस्टात होते. आमचे आजोबा काय करायचे ते मला धड सांगता येत नसे. ‘वाफ राखायचो,’ एवढंच ते म्हणायचे, गुरं राखायचो म्हणावं तसं. मी फारच मागे लागलो तेव्हा त्यांनी खांबाजवळची आजीची रवी घेतली. दांड्याच्या वरच्या अंगाला दोन सुतळ्या बांधल्या, दोन्हींच्या टोकाला एकेक कैरी. दांड्याला खाली दोर गुंडाळला, भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तसा, आणि वरचं टोक सैल मुठीत धरून म्हणाले, ‘वढ.’

मी ओढला. लोंबणाऱ्या कैऱ्या अंग सोडून बाहेर निघाल्या आणि छत्री उघडावी तशा वर उचलल्या.

‘बघ. जोरात फिरलं की वर जात्यात, मंद झालं की खाली येत्यात. आता ह्यांना एक दांडी जोडायची आन् ती न्यायची वाफेच्या झडपेला. वर गेल्या, झडप मिटली. खाली आल्या, उघडली. माणूस लागत न्हाय.’

दुसऱ्या खेपेला मी जीव खाऊन ओढला. एक कैरी सुतळीतून निसटली ती थेट गाडग्यावर. ताक सारवलेल्या जमिनीवर पसरलं. आजी चुलीपुढून उठलीही नाही. ‘गिरणी मुंबईत ठिवून या म्हनलं हुतं,’ एवढंच म्हणाली. आजोबा मुकाट्यानं खापऱ्या गोळा करू लागले.

त्या दोन कैऱ्यांना इंग्रजी नाव गव्हर्नर. जेम्स वॅटनं 1788 मध्ये ही युक्ती आपल्या इंजिनाला बसवली. पण ती मूळची त्याची नव्हती. पिठाच्या गिरणीत जात्याच्या दोन तळ्यांमधलं अंतर राखण्यासाठी असे फिरते गोळे आधीपासून वापरात होते. वॅटचा भागीदार बोल्टन याने लंडनच्या एका पिठाच्या गिरणीत ते पाहिले आणि वॅटला कळवलं. वॅटनं त्याचं पेटंटही घेतलं नाही. मला यात मौज वाटते ती आपल्या भाषेमुळे. दळतात ती गिरणी आणि विणतात तीही गिरणीच. गव्हर्नर एका गिरणीतून निघाला आणि दुसरीत नोकरीला लागला. आजोबांचा प्रवास पुढे नेमका उलटा झाला.

त्यांनी वाफेचं इंजिन पहिल्यांदा पाहिलं ते मात्र गिरणीत नव्हे, बोटीवर. तेव्हा आमच्याकडची माणसं महाडवरून दासगावच्या बंदरात जायची आणि सावित्रीच्या खाडीतून मुंबईला. 1927च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर दोनशेहून अधिक प्रतिनिधी घेऊन सत्याग्रह परिषदेसाठी आले, तेही ‘पद्मावती’ बोटीनं, आणि 25 तारखेला दासगावलाच उतरले. आजोबा काही वर्षांनी त्याच धक्क्यावरून उलट दिशेनं गेले, मिसरूड फुटायच्या आधी. खाडी सोडून बोट समुद्राला लागली तशी डुलायला लागली. लाटेनं बोटीची पाठ उचलली की पाण्यातला पंखा हवेत निघायचा, आणि त्याच क्षणी खालून इंजिन किंकाळी फोडायचं. पंखा पाण्यात बुडाला की पुन्हा शांत. पोटातलं सगळं समुद्राला देऊन झाल्यावर हा पोरगा कठड्याला धरून तेवढंच ऐकत बसला होता. पाणी कापायचं ओझं असतं तेव्हा इंजिन गपगुमान चालतं आणि ओझं गेलं की ओरडतं, हे त्याला फार उलटं वाटलं. माणसाचं तर असं नसतं, असं तेव्हा वाटलं होतं, म्हणायचे.

मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला काढली आणि दोन वर्षांनी ती सुरू झाली, वाफेवर. पुढे गिरणगाव उभं राहिलं तेही वाफेच्याच जिवावर. आजोबा ज्या गिरणीत लागले तिथं एकच अजस्र इंजिन होतं. त्याच्या चाकाला खाचा, खाचांत मनगटाएवढे सुती दोर, ते दोर मजल्यामजल्यावरच्या शाफ्टला, आणि शाफ्टवरून प्रत्येक यंत्राला चामड्याचे पट्टे. पाळी सुरू झाली की शेकडो साचे एकदम ओझं टाकणार, सुट्टीचा भोंगा झाला की एकदम सोडणार. वेग वाढला तर धागे तटातट तुटणार, घटला तर कापड कमी निघणार. विणकराची मजुरी कापडावर, म्हणजे इंजिनखात्यातली ढिलाई संध्याकाळी कुणाच्या तरी ताटात दिसणार.

हे सगळं सांभाळणार दोन गोळे. मी पुढे इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, तेव्हा हे गोळे पुस्तकात भेटले. वॅटच्या साध्या गव्हर्नरात गोळे किती वर उचलले जातील हे फक्त वेगावर ठरतं, वजनावर नाही. मिनिटाला 60 फेरे असतील तर ते टांगणीच्या बिंदूपासून सुमारे 25 सेंटिमीटर खाली फिरतात, 100 फेरे झाले की जेमतेम 9. लोखंड असो की कैरी. गणित सोडवताना मला ताकाचा वास आला, हे परीक्षकाला कसं सांगणार?

पुस्तकातली दुसरी गोष्ट जास्त रुतली. गव्हर्नरला पुढचं दिसत नाही. ओझं येणार आहे हे त्याला कळत नाही, ते येऊन वेग थोडा घटला की मगच तो हलतो. थोडी चूक झाल्याखेरीज दुरुस्ती नाही. आणि तो फार हळवा असला तर आणखी घोटाळा. जरा वेग घटला की भसकन वाफ सोडतो, मग वेग वाढतो, मग घाबरून वाफ तोडतो, आणि इंजिन झुलत राहतं. कुठला गव्हर्नर स्थिरावेल आणि कुठला झुलतच राहील याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं 1868 मध्ये मांडलं. आजोबांना मॅक्सवेल माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या इंजिनाला तेलात बुडालेला एक छोटा दट्ट्या होता, गोळ्यांची घाई मोडायला. ‘त्याच्या अंगात थोडा आळस लागतो,’ असं ते म्हणायचे. मला मॅक्सवेलच्या समीकरणांपेक्षा ते लवकर समजलं.

पण रोज पाळीवर गेल्या गेल्या ते पाहायचे ते गोळेही नव्हेत, तेलही नव्हे. पाहायचे एक चामड्याचा पट्टा, चार बोटं रुंद. गव्हर्नर स्वतः फिरत नाही, त्याला इंजिनच फिरवतं, त्या पट्ट्यानं. इंजिन किती धावतंय ही बातमी गोळ्यांपर्यंत पोचवणारा तेवढाच दुवा. एका रात्रपाळीला तो निसटला. आजोबा ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायचे. पट्टा निसटला, गोळे फिरायचे थांबले, खाली पडले. इंजिन चालूच होतं, पण गव्हर्नरला वाटलं ते उभं राहिलंय. त्यानं आपलं काम इमानानं केलं. झडप सताड उघडली.

‘इंजिन येडं झालं हुतं आन् ह्यो त्याला आनखी पाजत हुता.’

अशा वेळी अवजड चाक फुटून छप्पर फोडून जातं. आजोबांनी धावत जाऊन मुख्य झडप हातानं फिरवून बंद केली. दोन्ही तळव्यांवर त्या झडपेच्या चाकाचा चट्टा होता, तो मी लहानपणी बोटानं चाचपलेला आहे. शेवटी ते एकच वाक्य म्हणायचे, ‘वजं आलं तर इंजिन दमतं. वजं अवचित सुटलं तर फुटतं.’

ते इंजिन शेवटी बंद पाडलं आमच्याच जिल्ह्यातल्या पाण्यानं. खोपोलीचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं 1922 मध्ये, मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरवून 1927 मध्ये तिथलं. एकेक गिरणी विजेवर गेली. आजोबांची गिरणी उशिरा गेली, पण गेली. प्रत्येक यंत्राला आपली मोटर आली. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगला वाफ लागायचीच, म्हणून बॉयलर राहिला आणि आजोबा बॉयलरवर गेले. 1923च्या बॉयलर कायद्याखालचं सर्टिफिकेट त्यांच्याकडे होतं, दुसऱ्या वर्गाचं. त्याचा त्यांना जो अभिमान होता तो आमच्या पदव्यांचा कधी नव्हता. इंजिन भंगारात निघालं तेव्हा पितळेवर सगळ्यांचा डोळा. यांनी तेवढा गव्हर्नरचा पट्टा मागून घेतला, हातभर तुकडा. गावी आणला तर आजी म्हणाली, चामडं घरात नको. तिनं तो गोठ्याच्या दाराला बिजागरी म्हणून ठोकून घेतला.

निवृत्त होऊन आल्यावर आजोबा गावच्या भातगिरणीत बसू लागले. तिथं ऑइल इंजिन होतं. वाफेपुढे ते त्यांना पोरकट वाटायचं, पण त्यातही गव्हर्नर होता, डब्यात झाकलेला. हलरमध्ये भात पडला की इंजिनाचा श्वास अडखळायचा, दोनचार ठोके जड पडायचे, मग पुन्हा लय धरायचं. आजोबा बिडी ओढत डोळे मिटून म्हणायचे, ‘आला धावून.’ सगळ्या अंगावर कोंडा, भुवया पांढऱ्या. दुपारी आजी पाणंदीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची. हाक मारायची नाही, नुसती उभी राहायची. आजोबा न बघता उठायचे.

1982च्या जानेवारीत, 18 तारखेला, गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील तेव्हा मुंबईत सायझिंगला होते. पुढे तीन आठवड्यांनी, माघी पौर्णिमेच्या सुमाराला, आजी गेली. तापाचं निमित्त, तीन दिवस. वडील तिच्या क्रियेला आले आणि राहिले. परत जायला पाळीच नव्हती. मनीऑर्डरीवर चालणारी अख्खी वाडी त्या वर्षी बिनकामाच्या पुरुषांनी भरून गेली. पण त्याचं लिहायला बसलो तर ते दुसरंच पुस्तक होईल.

मला दहावीची परीक्षा होती, आणि मी पाहत होतो ते आजोबांना. आम्हाला वाटलं होतं म्हातारा खचेल, ओटीवर बसून राहील. झालं भलतंच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला ते उठले आणि बांधाचे दगड रचायला गेले. मग लाकडं फोडली. मग राब भाजायला, आपला आणि शेजाऱ्यांचाही. भातगिरणी पुसून लख्ख. जेवण उभ्या उभ्या. रडले नाहीत, थकलेही नाहीत, निदान थकल्याचं त्यांना कळत नसे. वाडीतली माणसं म्हणायची, म्हातारा दुःख जिरवतोय. वडील एकदा आडवे गेले तर आजोबा त्यांच्याकडे असे बघत राहिले की जणू आपण धावतोय हे त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. आषाढात लावणी उरकली त्या रात्री झोपले. सकाळी उठले नाहीत.

मी पुष्कळ वर्षं हे त्यांच्याच वाक्यानं समजून घेत आलो. आजी म्हणजे ओझं, संसाराचं, गोड अर्थानं म्हणा. ते अवचित सुटलं आणि इंजिन धावलं. बोटीचा पंखा हवेत निघाला. वाक्य नीट बसत होतं, म्हणून मी त्याच्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. आता साठी जवळ आल्यावर ते मला पटत नाही. आजी ओझं कधीच नव्हती. ती पाणंदीच्या तोंडाशी उभी राहायची. तुम्ही दमलात, तुम्हाला भूक लागली, पुरे झालं, ही बातमी आजोबांना आजोबांबद्दल ती पोचवायची. ती गेल्यावर गोळे खाली पडले, आणि त्यांच्यातलं जे इमानी होतं ते झडप उघडत राहिलं. धावत जाऊन चाक फिरवायला आमच्यातल्या कुणाचे तळवे भाजलेले नव्हते.

त्यांची ट्रंक महाडला पेठेत काकांच्या घरी होती, तळमजल्यावर. 22 जुलै 2021ला सावित्री आणि गांधारी पेठेत शिरल्या. त्याच दिवशी तळियेत दरडीखाली वाडी गेली, माणसं गेली. तिथं आपल्या ट्रंकेबद्दल बोलायला जीभ रेटत नाही. चिखल उपसताना ती सापडली. सर्टिफिकेट होतं तिथं गाळाचा एक चौकोन होता. उन्हात ठेवला तर वाळून त्याच्या पापड्या झाल्या.

त्या पावसानंतर मी वाडीवर गेलो. घर तसं उभं आहे, गोठ्यात गुरं नाहीत. दार ढकललं तर आवाज झाला नाही. वरची लोखंडी बिजागरी गंजून कधीच निखळली होती. दार खालच्या चामड्यावर तोललेलं होतं, आणि मी हात काढल्यावर ते आपल्या वजनानं, सावकाश, मिटलं.