पप्पांनी दोन ओळी खाल्ल्या

मी हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो. रात्रपाळीची पोरं-पोरी घरून उचलायची, कंपनीत सोडायची, पहाटे उलटी फेरी. नेऱ्यातून रात्री साडेआठला निघतो आणि सकाळी साडेसहाला घरात शिरतो, तेव्हा धाकटी दात घासत असते. माझं वाचन म्हणाल तर सातबारा, लग्नपत्रिका आणि पुढच्या ट्रकच्या पाठीवर जे लिहिलेलं असेल ते. असा माणूस पोरीला वाचनाची गोडी लावायला निघाला, त्याची ही हकीकत.

धाकटी तिसरीत आहे. शाळेत बाईंनी आम्हा नवराबायकोला बोलावलं. म्हणाल्या, "अक्षरं सगळी येतात तिला, पण स्वतःहून पुस्तक उघडत नाही. घरी कोण वाचतं?" मी म्हणालो, "थोरला आठवीत आहे की." बाई म्हणाल्या, "त्याचं नाही, तुमचं विचारते." बायकोने लगेच भिंतीवरच्या नकाशात मुळशी तालुका शोधायला घेतला.

पुढच्या सुट्टीला मी थेट अप्पा बळवंत चौक गाठला. दुकानदाराला सांगितलं, "वाचनाची आवड लागेल असं पुस्तक द्या." त्याने वय विचारलं, मग विचारलं, "जोडाक्षरं येतात का?" मला वाटलं, हा माझ्याबद्दल विचारतोय. मी म्हणालो, "थोडी थोडी." शेवटी मी टायर घेतो तसं पुस्तक घेतलं, जाड आणि टिकाऊ. बोधकथांचं, दोनशेच्या वर पानं. धाकटीने ते हातात घेऊन विचारलं, "हे कधीपर्यंत संपवायचं?" मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत." गाडीच्या कर्जाचा हप्ता ऐकताना माझा जसा होतो, तसा तिचा चेहरा झाला. ते पुस्तक आता आईच्या पाटाच्या मोडक्या पायाखाली आहे. टिकाऊ निघालं, खोटं कशाला बोला.

पुन्हा बाईंकडे गेलो. त्यांनी पाच बोटांचा हिशोब शिकवला. पुस्तकाचं कुठलंही एक पान उघडायचं, पोराने वाचत जायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मोजायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं संपली तर ते पुस्तक सध्या जड, बाजूला ठेवायचं. घरी येऊन मी हा हिशोब आधी स्वतःवर करून पाहिला, गाडीच्या विम्याच्या कागदावर. दुसऱ्याच ओळीला दोन्ही हात संपले.

बाईंनी आणखी एक सांगितलं, फुकटातलं. प्रथम बुक्सने 2015 साली स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ काढलं, त्यावर मराठीत चिक्कार चित्रगोष्टी आहेत. गोष्टींना चार पायऱ्या. पहिलीवर चित्र मोठं आणि ओळ छोटी, चौथीवर सलग वाचणाऱ्या पोरांसाठी लांब गोष्टी. खाली 'क्रिएटिव्ह कॉमन्स' असं लिहिलेलं असतं. मी त्याचा अर्थ असा लावला की कुणीही वाचा, छापा, वाटा, फक्त ज्याने लिहिलं आणि चित्रं काढली त्याचं नाव खोडू नका. आमच्याकडे शेजाऱ्याचा बैल नेताना हाच नियम असतो. मी दुसऱ्या पायरीच्या चार गोष्टी रंगीत छापून आणल्या आणि स्टेपलर मारला. उलट्या बाजूने. पहिल्या गोष्टीत नदी आधी समुद्राला मिळाली आणि मग डोंगरातून निघाली.

आता मोठ्याने वाचून दाखवायचं. मी बसलो. पहिलं पान वाचलं आणि माझं मलाच कळलं, की "मॅडम, गाडी गेट नंबर दोनला उभी आहे" ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात मी हत्ती चिखलात पडल्याचं सांगतोय. बाईंनी 'संवादी वाचन' असा शब्द वापरला होता. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1988 मध्ये याचा अभ्यास मांडला म्हणे. म्हणजे नुसतं वाचत सुटायचं नाही. पोराला विचारायचं, त्याने सांगितलं की त्यात आपण एखादा शब्द घालायचा, मग त्याने तेच वाढवून पुन्हा म्हणायचं. होता होता गोष्ट पोर सांगतं आणि मोठा माणूस ऐकतो. मला यातलं फक्त विचारणं लक्षात राहिलं. हत्तीचा रंग कोणता? पाय किती? चिखल कशाने होतो? पाचव्या प्रश्नाला धाकटी म्हणाली, "पप्पा, गोष्ट सांगताय का पेपर घेताय?"

झोपताना गोष्ट वाचा, असं सगळे सांगतात. सांगणारे रात्री घरी असतात. मी त्या वेळेला वाकडच्या सिग्नलला असतो. मग शक्कल काढली. गोष्टीची एक प्रत घरी, एक गाडीत. गाडीच्या पुढच्या कप्प्यात माहितीपुस्तक होतं, चार वर्षं प्लॅस्टिकमध्ये तसंच गुंडाळलेलं. त्याच्यावर गोष्टी ठेवल्या. लोकांना कंपनीत सोडलं की पार्किंगमध्ये काचा वर करायच्या, मोबाईलवर गोष्ट बोलायची आणि बायकोच्या नंबरवर पाठवायची. पहिली गोष्ट कोल्ह्याची. आवाज बदलून, घसा खरवडून, जीव ओतून वाचली आणि पाठवली कंपनीच्या ट्रिपच्या ग्रुपवर. खोडायच्या आत सुपरवायझरचं उत्तर आलं, "नोटेड." त्याला मराठी येत नाही, एवढंच नशीब. मग तीच गोष्ट बायकोला पाठवली.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर धाकटी दारातच. हातात गोष्ट, तोंडात पेस्टचा फेस. "पप्पा, तुम्ही दोन ओळी खाल्ल्या." मी म्हणालो, छे. तिने मोबाईल लावला, कागदावर बोट ठेवून माझ्या आवाजाच्या मागे मागे नेलं आणि तिसऱ्या पानावर थांबवलं. खरंच खाल्ल्या होत्या. एका ओळीत 'निःश्वास' होतं, दुसरीत 'कृतज्ञता'. मी दोन्ही ओळींना बायपास घेतला होता. तिने 'कृतज्ञता' फोड करून वाचलं, दोनदा अडून. मी ऐकत उभा राहिलो, पिशवी हातातच. जी पोरगी आपण होऊन पुस्तक उघडत नव्हती, तिने बापाची चोरी पकडायला सबंध गोष्ट बोट ठेवून वाचली होती.

आता इथे मी शहाणा झालो, असं वाटेल. मी काय केलं, तर रोज मुद्दाम ओळी खायला लागलो. तिसऱ्या दिवशी तिला कळलं. "मुद्दाम करताय," म्हणाली आणि दोन दिवस गोष्ट ऐकली नाही.

बाईंना हे सांगितलं तर त्या पोटभर हसल्या आणि 'जोडवाचन' शिकवून गेल्या. इंग्लंडात 1970-80च्या दशकांत ही रीत घरोघरच्या आईबापांना शिकवली गेली. दोघांनी एकाच वेळी, एकाच वेगाने मोठ्याने वाचायचं. पोराला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने टेबलावर टकटक करायची, मोठ्या माणसाने गप्प बसायचं. ते अडलं तर चार-पाच सेकंद थांबायचं, मग शब्द नीट सांगायचा, त्याने तो म्हणायचा आणि पुन्हा दोघांनी सुरू. रागवायचं नाही, "सोपं तर आहे" म्हणायचं नाही. चहा पिताना आम्ही हे करायला लागलो. माझा वेग आणि तिचा वेग सारखाच निघाला, ही गोष्ट मी बायकोला अजून सांगितलेली नाही. पहिल्या आठवड्यात तिने टकटक केलीच नाही. दुसऱ्या आठवड्यात केली, तर मला वाटलं दारावर कुणी आलं आणि मी उठून गेलो.

खरी बाजी मारली माझ्या आईने. तिला अक्षर येत नाही. धाकटी एकदा तिच्याजवळ बसून विहिरीच्या गोष्टीची चित्रं चाळत होती. आईने विचारलं, "ही बाई रडती का गं? काय लिवलंय तिथं?" धाकटीने वाचून सांगितलं. "मग दोर कुनी तोडला?" पुन्हा वाचलं. आईला पटेना. "असा कसा तुटंल? परत बघ, नीट वाच." पोरीने ते पान तीनदा वाचलं, मी न सांगता. मी चहाचा कप घेऊन दारात उभा. हत्तीचे पाय किती, हे मला ठाऊक असतं आणि मला ठाऊक आहे हे पोरीला ठाऊक असतं. आईला दोर कुणी तोडला ते खरोखरच माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या त्या साहेबांची रीत माझी आई पाटावर बसून, अंगठा लावून पास झाली.

हुरूप आला म्हणून एका रविवारी सगळे भिलारला गेलो. वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि पुढे भिलार. 4 मे 2017 रोजी सरकारने हे पुस्तकांचं गाव केलं, सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजार पुस्तकं ठेवली. एका घरात बालसाहित्य, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात कविता, बाहेर पाट्या. आत जायचं, बसायचं, वाचायचं. धाकटी एका घराच्या ओसरीत फास्टर फेणे घेऊन बसली, भा. रा. भागवतांचा. फेणे आपल्या पुण्याजवळच्या फुरसुंगीचा आहे, हे वाचून ती मला म्हणाली, "म्हणजे तुमच्या रूटवरचा का?" मी घरधन्याला विचारलं, "हे कितीला द्याल?" तो शांतपणे म्हणाला, "इथं पुस्तकं विकत नाहीत. स्ट्रॉबेरी विकतात, ती पुढं." थोरल्याने मात्र एकही पुस्तक उघडलं नाही. दिवसभर गाडीत बसून राहिला. परतीच्या वाटेवर मी त्याला घाटभर बोललो.

बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. थोरल्यासाठी म्हणून मी पार्किंगमध्ये एक उघडला आणि त्यातच अडकलो. एका मॅडमचे तीन कॉल गेले. थोरल्याने तो अंक पाहिलाही नाही. त्याच्यापुढे मी हात टेकले.

मागच्या शनिवारी गाडी धुवायला काढली. थोरला पाइप धरून उभा होता. म्हणाला, "पप्पा, हवा किती भरता?"

"चाळीस."

"चारीत?"

"चारीत. का?"

"पुस्तकात तेहतीस लिहिलंय. आणि गाडी भरलेली असली तर मागच्याला वेगळी." आत वाकून त्याने कप्प्यातलं माहितीपुस्तक काढलं. प्लॅस्टिक नव्हतं. दोन-तीन पानांचे कोपरे दुमडलेले होते.

"कधी वाचलंस हे?"

"भिलारला," तो म्हणाला. "दोनशे बारावं पान बघा. तुम्ही मागची काच पुसायचा पंपही चुकीचा दाबता."