दोन मीटरवर

हौसेला मोल नसतं म्हणतात. कॅमेऱ्याच्या दुकानात असतं, आणि ते खोक्यावर चिकटवलेलंही असतं. माझी हौस म्हणजे रिको जीआर थ्रीची डायरी एडिशन. आत सगळं साध्या जीआर थ्रीचंच: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, फिल्मच्या हिशेबाने २८ मिलिमीटरची लेन्स, बॅटरी-कार्डासकट वजन २५७ ग्रॅम. वेगळेपण मुख्यतः अंगाच्या रंगात, काळ्याऐवजी उबदार राखाडी. २०२२ साली तो आला तेव्हा टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या मावसभावाला मी गळ घातली. “अरे, काळा घे की. फोटोत कॅमेऱ्याचा रंग दिसणारेय का?” तो म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. मी राखाडीच मागवला.

त्या रंगाचा असा उपयोग होईल हे मात्र डोक्यातही नव्हतं. आत्याकडे पुरण चाललं होतं. मोठा डीएसएलआर काढला की ती हातातलं टाकून पदर सारखा करते, ओठ मिटते आणि श्वास रोखून बसते. या वेळी तिने नुसतं वर पाहिलं. “काय रे ते, चष्म्याचं घर?” आणि पुन्हा यंत्राचा दांडा फिरवू लागली. कपाळावरचा घाम मनगटाने पुसताना ती सुनेला वेलदोड्यावरून बोलत होती. तोच फोटो आता तिच्या टीव्हीशेजारी आहे.

या कॅमेऱ्याची खरी करामत मात्र स्नॅप फोकसची. बटण अर्धं दाबलं की तो नेहमीसारखा फोकस शोधतो. एका दमात पूर्ण दाबलं की शोधत बसत नाही, आधी नेमून दिलेल्या अंतरावर फोटो घेऊन मोकळा होतो. मी रस्त्यावर दोन मीटर आणि एफ ८ ठेवतो. मीटरभरापासून पार गल्लीच्या टोकापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. स्वयंपाकघरात उजेड कमी, म्हणून तिथे एक मीटर आणि एफ २.८, मग वीतभर मागेपुढे झालं की फोटो गेलाच. व्ह्यूफाइंडर नाहीच, त्यामुळे डोळ्याला काही लावायचं नाही.

गंमत अशी, की बाबांच्या आग्फा क्लिक थ्रीतही हेच होतं. बडोद्यात बनणारा तो डबा, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. फोकसची भानगडच नाही. ऊन की ढग एवढं ठरवायचं आणि खटका ओढायचा. तेवढ्याच बेफिकिरीसाठी मी इतके पैसे मोजले, हे बाबांना सांगायची सोय नाही.

दोषही आहेतच. लेन्स आतबाहेर करते तेव्हा धूळ ओढून घेते, आणि सेन्सरवर बसलेला कण आकाशात ठिपका होऊन दिसतो. पाऊस त्याला सोसत नाही. बॅटरी तर दुपारपर्यंतच साथ देते, त्यामुळे खिशात एक जादा हवीच.

२०२५ मध्ये जीआर फोर आला. मावसभावाचा लगेच मेसेज, “घ्यायचा का?” जुन्यात आतली मेमरी जेमतेम २ जीबी, नव्यात ५३. मोह झाला, नाही कशाला म्हणू! पण त्याची बॅटरी वेगळी. म्हणजे माझ्याकडच्या सगळ्या वाया. त्याला कळवलं: जीआर फोर तू घे, मला येताना दोन जुन्या बॅटऱ्या आण.