धुसराचा पोत

कुणाचंही छायाचित्र हाती आलं की माझी नजर आधी चेहऱ्यावर जात नाही, ती कानाच्या मागे जाते. तिथे रस्त्यावरचा दिवा असतो, फांद्यांमधून डोकावणारं आभाळ असतं, उभ्या स्कूटरच्या आरशावर पडलेलं ऊन असतं, आणि या सगळ्याच्या गोल चकत्या झालेल्या असतात. मी त्या चकत्याच बराच वेळ पाहत बसतो. चेहरा ठळक आला असेल, तर तो कुठल्याही बऱ्या लेन्सनं घेतलेला असू शकतो. ठळकपणात सगळ्या लेन्स हळूहळू एकमेकींसारख्या दिसू लागल्या आहेत. धूसरपणात मात्र प्रत्येकीचा स्वभाव उघडा पडतो. धूसरपणाच्या या पोताला ‘बोके’ म्हणतात. आपल्याकडचे लग्नाचे फोटोग्राफरसुद्धा आता ‘बोके मस्त आलाय’ असं सहज बोलून जातात, तेव्हा मागचं किती पुसलं गेलं यापेक्षा ते कसं पुसलं गेलं, याचीच ती दाद असते.

लेन्स एका वेळी एकाच अंतराशी इमान राखते. त्या अंतरावरचा बिंदू सेन्सरवर बिंदू होऊनच उतरतो. त्याच्या मागे दूर असलेल्या बिंदूचे किरण मात्र सेन्सरपर्यंत पोचण्याआधीच एकत्र येतात आणि पुन्हा फाकत पुढे जातात, म्हणून ते सेन्सरवर चकती होऊन पसरतात. धूसर पार्श्वभूमी म्हणजे अशा असंख्य चकत्यांचा एकमेकींवर चढलेला थर. भिंत, गर्दी, डोंगर, सगळ्यांचं हेच होतं. अंधारातल्या दिव्यांच्या चकत्या तेवढ्या सुट्या दिसतात, म्हणून लेन्स ओळखायची तर दिवे शोधावे लागतात.

या चकतीचा आकार ठरवते ती लेन्समधली उघडझाप करणारी पाती. त्यांच्यामधलं भोक, म्हणजे अपर्चर, पूर्ण उघडं असेल तर चकती गोल. पाती मिटत आणली की जितकी पाती तितके कोन. इथे मला नेहमी आंब्याखालचे कवडसे आठवतात. पानांमधली फट वेडीवाकडी असली तरी जमिनीवरचा कवडसा गोल पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण होतं. जिथे आभाळ मोकळं होतं तिथे झाडांखाली कवडशांच्या जागी चंद्रकोरी पडल्या होत्या. झाडाखाली फटीचा आकार हरवतो आणि दिव्याचा उरतो. लेन्समध्ये नेमकं उलटं होतं. दिवा पणतीचा असो की विजेचा, त्याचा आकार हरवतो आणि ज्या दारातून तो आत आला त्या दाराचा आकार उरतो. हा उलटा न्याय मला फार विलक्षण वाटतो.

माझ्याकडे हेलिओस ४४-२ नावाची जुनी रशियन लेन्स आहे. ५८ मिलिमीटर, एफ २ (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड जास्त उघडं). सोव्हिएत काळात झेनिट कॅमेऱ्यांसोबत ती लाखोंनी निघाली. तिची रचना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन बायोटारवरून घेतलेली आहे, ती येनाच्या कार्ल झाइस कंपनीची. हेलिओस हातात घेतली की आधी जाणवतं ते वजन, मग ती दोन कडी. एका कड्यावर अपर्चरचा आकडा ठरवून ठेवायचा आणि फोकस झाल्यावर दुसरं कडं फिरवून तिथपर्यंत मिटायचं. पुढून आत पाहिलं तर आठ पाती एकमेकींवरून सरकत जवळ येताना दिसतात. त्यांना खटका नाही, टप्पा नाही. मध्ये कुठेही थांबता येतं.

या लेन्सची ख्याती तिच्या भोवऱ्यासाठी आहे. मागे झाडी असली की पानं चेहऱ्याभोवती गोल फिरताना दिसतात. चौकटीच्या मध्यावर चकत्या गोल असतात, पण कडेकडे जाताना त्या लांबट, मांजराच्या डोळ्यासारख्या होत जातात. तिरक्या येणाऱ्या किरणांना लेन्सच्या नळीची पुढची आणि मागची कड दोन्हीकडून कापते, म्हणून चकतीचा तेवढा भाग जातो. या लांबट चकत्या मध्याभोवती फेर धरून उभ्या राहतात आणि डोळ्याला सगळं फिरल्यासारखं वाटतं. कडेला प्रतिमेचं प्रतल वाकतं, तेही या फेराला हातभार लावतं.

या भोवऱ्याचं घराणं जुनं आहे. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेत्झवाल या गणितज्ञानं चेहऱ्यांसाठी लेन्स रचली आणि फोइग्टलेंडर कंपनीनं ती बनवली. त्या वेळी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला इतका वेळ लागे की माणसांना मिनिटन्‌मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. पेत्झवालची लेन्स एफ ३.६ च्या आसपास उघडायची, म्हणजे आधीच्या लेन्सच्या कितीतरी पट प्रकाश आत घ्यायची. तिचा मध्य लख्ख होता आणि कडा ढासळत होत्या. चेहरा मध्यावरच असतो, तेव्हा ते चालून गेलं. मग कडांच्या ढासळण्यातलं सौंदर्य कुणाकुणाला दिसू लागलं. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कॅमेरा आला आणि त्यांनी काढलेले चेहरे मऊ धुक्यातून वर आल्यासारखे आहेत. ‘यांना फोकस करता येत नाही’ असं तेव्हाचे जाणकार म्हणत. आज ते चेहरे पाहताना कडेच्या अंधुकात कपाळ आणि डोळे कसे उजळून येतात ते दिसतं, आणि बाईंची नजर किती पक्की होती ते कळतं.

आता चकतीच्या आत पाहू. खरी प्रत तिथे कळते. लेन्सच्या मध्यातून जाणारे आणि कडेनं जाणारे किरण अगदी एकाच जागी भेटत नाहीत, हा काचेचा जुना दोष. रचनाकार तो दुरुस्त करतो, पण किती करायचा हे त्याच्या हातात असतं. थोडा शिल्लक ठेवला तर मागच्या चकत्या मध्यावर उजळ आणि कडेला विरत जाणाऱ्या होतात. शेजारच्या चकत्या मग एकमेकींत मिसळतात आणि सगळी पार्श्वभूमी लोण्यासारखी होते. दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली तर प्रकाश कडेला गोळा होतो आणि प्रत्येक चकतीला लखलखीत किनार येते. गॉर्लिट्‌झच्या मायर कंपनीची ट्रायोप्लान १०० मिलिमीटर याच किनारीमुळे नावाजली गेली. तीन काचांची ती साधी लेन्स, पण दवबिंदूंवर रोखली की मागे साबणाचे फुगे तरंगतात. हीच किनार वाळक्या काड्यांच्या मागे आली की मात्र एकेका काडीच्या दोन दोन समांतर रेघा होतात आणि डोळ्याला टोचतात.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी की जी लेन्स मागच्याशी मवाळ असते, ती पुढच्याशी कठोर असते. फोकसच्या मागच्या चकत्यांच्या कडा विरत असतील तर फोकसच्या पुढच्या चकत्यांना धार येते. दोन्हीकडे एकाच वेळी लोणी मिळत नाही. निकॉननं आपल्या १०५ आणि १३५ मिलिमीटरच्या डीसी लेन्सवर यासाठी एक जादा कडंच बसवलं. एका बाजूला फिरवलं की मागचं मऊ, दुसऱ्या बाजूला फिरवलं की पुढचं. छायाचित्रकारानं ठरवायचं की आज कुणाशी हळुवार वागायचं. मला हे यंत्रातलं सर्वांत सभ्य कडं वाटतं.

१९९९ मध्ये मिनोल्टानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. १३५ मिलिमीटरच्या एसटीएफ लेन्समध्ये त्यांनी एक अशी काच घातली, जी मध्यावर स्वच्छ आहे आणि कडेकडे काळसर होत जाते. त्यामुळे चकतीची कड आपोआपच मावळते, पुढे काय आणि मागे काय. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागली. उघडी एफ २.८ इतकी, पण प्रकाश आत येतो तो टी ४.५ इतकाच, म्हणजे निम्म्याहून जास्त वाटेत गिळला जातो. ज्या धंद्यात प्रकाशाच्या कणाकणासाठी मारामारी चालते, तिथे केवळ एका कडेच्या मऊपणासाठी इतका प्रकाश सोडून देणारे लोक होते, याचं मला अपार कौतुक आहे.

उलट दिशेचं उदाहरण हल्लीच्या लेन्समध्ये सापडतं. त्यांत बऱ्याचदा अॅस्फेरिकल, म्हणजे गोलाचा तुकडा नसलेली, काच असते आणि तिच्यामुळे कोपऱ्यापर्यंत सगळं लख्ख येतं. पण दिव्याची चकती मोठी करून पाहा. काही लेन्समध्ये आत एकात एक बारीक वलयं दिसतात, आडव्या कापलेल्या कांद्यात दिसावीत तशी. ज्या साच्यातून काच निघाली, त्याच्या घासकामाच्या त्या खुणा. फोकसमध्ये असलेल्या भागात त्या कुठेच दिसत नाहीत, चकतीत मात्र लपत नाहीत.

आणि फोन. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला आणि पाहता पाहता पार्श्वभूमी पुसण्याची सोय ज्याच्या त्याच्या खिशात गेली. फोनच्या मुख्य लेन्सचं खरं उघडं तोंड जेमतेम चार मिलिमीटरचं असतं, माझ्या हेलिओसचं एकोणतीस. एवढ्याशा तोंडातून आलेला प्रकाश दूरवरच्या दिव्याची मोठी चकती करूच शकत नाही. म्हणून फोन अंतराचा अंदाज बांधतो, माणूस कातरून वेगळा काढतो आणि उरलेलं हिशेबानं धूसर करतो. हिशेब दरवर्षी सुधारतो आहे. पण अंबाड्यावर गजरा माळलेल्या बाईचा असा फोटो नीट पाहा. गजऱ्यातून सुटलेली एखादी जाईची कळी अर्धी ठळक आणि अर्धी गायब असते. मानेवरच्या उडत्या बटा कात्रीनं कापल्यासारख्या संपतात. चष्म्याच्या काचेतून दिसणारी मागची भिंत तेवढी स्वच्छ राहते. लेन्सला बाई कोण आणि भिंत कोण, हे ठाऊक नसतं. ती फक्त अंतर ओळखते, म्हणून एकेका केसाला त्याच्या त्याच्या अंतराप्रमाणे विरघळवते. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंतचा तो हळूहळू उतरत जाणारा ठळकपणा मला खऱ्या लेन्सच्या चित्रात दिसतो आणि तिथे माझा जीव रमतो.

तरीही माझी खरी तक्रार फोनबद्दल नाही. ती आहे सगळंच वितळवण्याच्या हव्यासाबद्दल. हल्ली एफ १.२ आणि एफ १.४ च्या लेन्स घेऊन लोक माणसाला अशा मऊ रंगात बुडवतात की तो सांगलीत उभा आहे की सिंगापुरात, हे कळायला वाव उरत नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकार मंडळी उभी राहिली होती. त्यांनी आपल्या गटाला एफ ६४ हेच नाव दिलं, कारण तिथवर मिटलेल्या लेन्समधून दगडापासून डोंगरापर्यंत सारं लख्ख येतं. मी त्या टोकालाही जाणार नाही. माणूस पुढे आणि गाव मागे, पण गाव ओळखू येईल असं, इतकंच मला हवं असतं.

कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे हजारो पणत्या लागतात. पायऱ्यांवर, रांगोळ्यांच्या कडेनं, नदीकाठच्या दगडी देवळांच्या ओट्यांवर. एकदा तिथे एक वयस्क बाई वाऱ्याला हाताचा आडोसा करून पणतीची वात पुढे सारत होत्या. मी म्हटलं, “मावशी, फोटो काढू का?” त्यांनी मान वर न करताच विचारलं, “काढ की रं. पर मागं देऊळ येतंय न्हवं?”

दीडेक मीटरवरून एफ २ ला हेलिओसमध्ये ठळक राहतं ते जेमतेम आठ सेंटिमीटर. बोटं, वात आणि वातीच्या उजेडातला गाल. मागच्या दूरच्या दिव्याची चकती ३६ मिलिमीटरच्या चौकटीत एका मिलिमीटरहून थोडी मोठी होते, म्हणजे पन्नासेक पणत्या एकमेकींत मिसळून सोनेरी लगदा होतो आणि त्यात देऊळ बुडून जातं. मी दुसरं कडं फिरवून एफ ५.६ वर आणलं. ठळक पट्टा वीसेक सेंटिमीटर झाला, चकत्या तिसऱ्या हिश्शावर आल्या. त्यांना आठ कोन आले, पण त्या सुट्या सुट्या झाल्या आणि त्यांच्यामधून शिखराची काळी आकृती वर आली. फोटोतलं देऊळ धूसरच आहे. पण ते कोल्हापूरचं आहे, आणि मावशींना कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते लगेच सापडलं. त्यांनी बोट ठेवलं ते आपल्या चेहऱ्यावर नाही, त्या आकृतीवर.

लेन्सची परीक्षा घेणारे तक्ते असतात. त्यात मध्यावरचा ठळकपणा, कोपऱ्यातला ठळकपणा, रंगांची फूट, सगळ्याचे आकडे असतात. या धुसराला मात्र असा एकही आकडा नाही ज्यावर दोघांचं एकमत व्हावं. म्हणून नवी किंवा जुनी लेन्स घ्यायला गेलात तर दुकानातल्या भिंतीवर ती रोखू नका. दुकानदाराला विचारून बाहेर रस्त्यावर या. हातभर अंतरावरच्या पानावर फोकस करा, मागे ऊन झिरपणारं एखादं झाड आणि वाळक्या फांद्यांचं जाळं राहू द्या. एकदा पूर्ण उघडून घ्या, एकदा दोन पायऱ्या मिटून. मग लांबच्या फांदीवर फोकस करून तेच पान पुढे धूसर येऊ द्या. काड्या दुहेरी होतात का पाहा, चकतीच्या कडेवर किनार आहे का पाहा, चौकटीच्या कोपऱ्यात चकत्यांचे मांजरडोळे किती मिटतात ते पाहा. संध्याकाळपर्यंत थांबता आलं तर रस्त्यावरचे दिवे लागू द्या आणि पुन्हा एकदा घ्या.