कवेलूंच्या घरातली धामण

यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या शेतकरी घरांत धामण ही कोणी न पाळलेली, तरीही घरचीच मानली गेलेली रहिवासी होती. २ मीटरपर्यंत सहज वाढणारी ही सापाची जात बिनविषारी आणि दिनचर, म्हणजे दिवसा वावरणारी आहे. कणगीतले धान्य आणि गोठ्यालगतचे कुटार, म्हणजे भुसकट, यांच्या मागावर उंदीर येत आणि उंदरांच्या मागावर धामण येई.

साप अनियततापी असतो, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून राहते. म्हणून मोठ्या सापाच्या निवाऱ्यात एक बाजू ऊबदार व दुसरी थंड असावी लागते, अंग पूर्ण पसरता येईल एवढी लांबी, दडायला अरुंद आडोसा आणि कात, म्हणजे त्वचेचा जुना थर, सुटी होण्यास लागणारा ओलावाही असावा लागतो. जुन्या घराच्या परिसरात हे सारे आपोआप जुळून आले होते. हिवाळ्यात कवेलूंवरचे, म्हणजे छपराच्या कौलांवरचे, सकाळचे ऊन धामणीला ऊब देई, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की मातीच्या जाड भिंतीतले उंदराचे बीळ तिला गारवा देई, तर न्हाणीच्या पाण्याने भिजलेली जमीन आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग तिची उरलेली गरज भागवी. पावसाळ्याच्या तोंडावर दोन नर एकमेकांना वेटोळे घालून उभे राहत. लोक त्याला मीलन समजत, परंतु ती मादीसाठीची झुंज असे. पुढे मादी बिळात अंडी घाली आणि पिल्ले जन्मापासूनच आपले भक्ष्य आपणच शोधत.

धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, या समजुतीने मात्र तिचे अनेकदा प्राण घेतले. वस्तुतः सापाच्या तोंडाची रचना दूध ओढून घेण्याजोगी नसते आणि गोठ्यात तिला आणणारे कारण उंदीर हेच असते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार धामणीला मारणे, पकडणे किंवा घरात बाळगणे गुन्हा आहे, आणि हा निर्बंध तिच्या स्वभावाशीही सुसंगत आहे. सतत फिरणारा, झाडावर चढणारा हा चपळ साप पेटीत कोंडला, तर सुटकेच्या धडपडीत जाळीवर तोंड घासून जखमी होतो, आणि उन्हात ठेवलेल्या काचेच्या पेटीत थंड बाजूच उरत नसल्याने तो थोड्या वेळात दगावू शकतो.

आता कवेलूंच्या जागी स्लॅब आले असताना धामणीचा हा निवारा जाणीवपूर्वक राखणे आवश्यक झाले आहे. विषारी सापही अशाच आडोशाला येत असल्याने पऱ्हाट्यांचा ढीग वस्तीपासून दूर, शेताच्या कडेला रचावा, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, झुडपे जाळू नयेत, आणि साप घरात शिरल्यास ओळख पटवण्याच्या नादात जवळ न जाता वनविभागाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. उंदरांपासून धान्य राखणाऱ्या या प्राण्याला शेतकऱ्याने देण्याजोगी सर्वांत योग्य जागा म्हणजे दार नसलेला असा एक कोपरा होय.