पिंपळगाव ते वाशी : नव्या ड्रायव्हरची रात्र



निफाड-दिंडोरीकडच्या कितीतरी गावांत आता दारापुढे बैलगाडीच्या जागी ट्रक उभा दिसतो. घरचा माल, शेजाऱ्याचा माल, वर थोडे भाडे, असा हिशेब करून गाडी कर्जावर घेतात आणि नुकताच परवाना मिळालेल्या मुलाच्या हाती देतात. कॅरेट कशी रचावीत, मालाला हवा कशी लागू द्यावी, हे आम्ही विस्तार अधिकारी सांगतोच. पण गाडी चालवणाऱ्याने झोपावे कधी, हे सांगायला कोणी येत नाही. म्हणून आज तुम्हाला पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारापर्यंत घेऊन जातो. गेल्या आश्विनात टोमॅटोच्या गाडीत बसून मी हा रस्ता रात्रीचा पाहिला. चालवणारा मुलगा तेवीस वर्षांचा. ट्रकवर त्याला अजून वर्षही झाले नव्हते.

गाडी निघाली रात्री अकराला, पण मुलाचा दिवस पहाटे पाचलाच सुरू झाला होता. सकाळी खुडणी, दुपारी निवड, मग कॅरेट उचलून गाडीत चढवणे. क्लीनर म्हणून बरोबर मावसभाऊ, तोही त्याच रानातून उठून आलेला. म्हणजे चाक हलले तेव्हा दोघेही अठरा तास जागे होते. सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर किती मंदावतात, याच्या चाचण्या शास्त्रज्ञांनी केल्या आहेत. रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका तो मंद होतो, असे त्यांत दिसले. आपल्या कायद्यात ०.०३ टक्क्यांच्या वर गेले की गुन्हा धरतात. पोरगा माळकरी असला, थेंबाला शिवत नसला, तरी नुसत्या जागरणाने त्याची ही गत होते.

तेव्हा पहिली विश्रांती ढाब्यावर घ्यायची नसते, ती घरी घ्यायची असते. ज्या रात्री मुलाला गाडी न्यायची आहे, त्या दिवशी त्याला दुपारनंतर रानात बोलावू नका. तीन-चार तास झोपू द्या. भरणीला दुसरी माणसे लावा. आदल्या रात्री वीज आली म्हणून तो पाणी भरायला उठला असेल, तर गाडी दुसऱ्याकडे द्या. आणखी एक सांगतो, ते माझ्या खात्यातले आहे. दिवसभर औषध फवारलेल्या माणसाला रात्री गाडीवर बसवू नका. काही कीटकनाशकांनी डोके जड होते, नजर धूसर होते, आणि तो त्याला नुसता थकवा समजतो. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ गोळ्यांनीही झोप येते. ती गोळी घेतली असेल तरी तेच.

ओझर मागे पडते, नाशिकचे दिवे जातात. पुढे विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे. इथवर नवा ड्रायव्हर उत्साहात असतो, गप्पा मारतो, गाणी लावतो. घोटीला भाताचा मुलूख लागतो. दिवसा इथून कळसूबाईचे शिखर दिसते, रात्री मात्र भातगिरण्यांच्या भिंती तेवढ्या उजेडात येतात. इगतपुरीची हवा गार. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवरचे हे गाव, पावसाळ्यात तर धुक्यात गाडीपुढचे दिसत नाही. घाटाच्या तोंडाशी घाटनदेवी आहे. पुष्कळ ड्रायव्हर इथे हात जोडतात. हात जोडायला उतरलेच आहात तर गाडीभोवती एक फेरी मारा, टायर ठोकून पाहा, ब्रेकची हवा पाहा, असे मी त्या मुलाला म्हणालो. त्याने ते केले. खाली उतरून दहा मिनिटे चालले की पाठ मोकळी होते, हा त्यातला दुसरा फायदा.

कसारा घाटाची सगळ्यांना भीती वाटते. याच डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेला सदतिसास एक असा चढ आहे, आणि गाडी वर ढकलायला मागे जादा इंजिने लावावी लागतात. यावरून रस्त्याचा उतार कसा असेल ते समजा. डिझेल वाचवायला काही जण इथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. तसे कधी करू नये. गाडी खालच्या गिअरमध्ये धरली की इंजिनच तिला आवरते, सगळा भार ब्रेकवर पडत नाही. पण ऐका, घाटात सहसा डोळा लागत नाही. वळणावळणाला काळजात धस्स होते, तीच भीती माणसाला जागे ठेवते. घात होतो तो घाट उतरल्यावर.

खाली कोकणाची हवा लागते. गारव्यातून एकदम दमट उबेत आलो की अंग सैल पडते. रस्ता सरळ होतो, संकट टळले असे मनाला वाटते, आणि घड्याळात दोन वाजलेले असतात. पहाटे दोन ते पाच हा माणसाच्या शरीराचा सर्वांत मंद वेळ. अंगाची ऊब तेव्हा उतरते, आणि कितीही तरुण असो, झोप ओढतेच. आमची गाडी कसारा सोडून बरीच पुढे आली होती. मुलगा चाक धरून सरळ बसला होता, डोळे उघडे होते. मध्येच त्याने विचारले,

“साहेब, खर्डी यायची का अजून?”

“अरे, खर्डी कधीच मागे गेली.”

तो काही बोलला नाही. मधल्या रस्त्याची त्याला आठवणच नव्हती.

मान लवणे ही झोपेची शेवटची खूण. त्याआधी पुष्कळ खुणा होतात. गेलेले गाव आठवत नाही, चाक पांढऱ्या पट्ट्यावर जाते, वेग विनाकारण कमीजास्त होतो, डोळे चुरचुरतात, क्लीनरवर उगाच राग येतो. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे साठ-सत्तर मीटर गाडी विनाचालक धावली. पूर्वी गाडीवान जुवावर हात टेकून झोपी जाई आणि बैल वाट ओळखून घरी आणीत. ट्रकला ती अक्कल नाही.

त्याच वेळी फोन वाजला. माल चुलत्याचाही होता. “कुठवर आलास? बाजार लागायच्या आत पोहोच, नाहीतर भाव जाईल.” फोन मी घेतला आणि सांगितले, “पोरगा वीस मिनिटे झोपणार आहे.” पलीकडे थोडी शांतता झाली, मग “बरं साहेब,” म्हणाले. माल धाडणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे. विचारायचेच असेल तर क्लीनरला विचारा. ड्रायव्हरला घाईचा फोन करू नका.

आटगावच्या अलीकडे एका ढाब्याच्या आवारात गाडी लावली. महामार्गाच्या कडेला अंधारात उभी करायची नाही, मागून येणारा आदळतो. हातब्रेक लावला, चाकाला दगड दिले, काच थोडी उघडी ठेवून इंजिन बंद केले. बंद केबिनमध्ये चालू इंजिनावर झोपणे म्हणजे विषारी धुराशी खेळ. गाडीखाली पथारी टाकून झोपणे तर त्याहून वाईट, तरी सावली पाहून लोक झोपतात. मुलाने आधी अर्धा कप चहा घेतला आणि मग आडवा झाला. उलटे वाटेल, पण चहाचा गुण अंगी लागायला वीस-तीस मिनिटे लागतात, तोवर डुलकी होते. वीस मिनिटांनी उठवले. त्याहून बरीच जास्त झोप काढली तर मध्येच उठताना डोके जड होते. मग पुरती दीड तास तरी काढावी. उठल्याबरोबर चाक हाती घेऊ नये. तोंड धुवावे, दहा मिनिटे चालावे. नुसते तोंडावर पाणी मारणे, काच उघडणे, तंबाखू मळणे, यांचा आधार घटकाभराचा, त्याने झोप फिटत नाही.

पुढे शहापूर, पडघा, भिवंडीजवळची गोदामे, खारेगाव. दीड तासात वाशीचा बाजार आला. फाटकाशी गाड्यांची रांग होती आणि आमची गाडी पाऊण तास तिथेच उभी राहिली.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, तो २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी, असे त्यात लिहिले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागत असे. घरच्या एका ट्रकचे तास मोजायला कोणी निरीक्षक येत नाही. ते आईने किंवा घरधनिणीने मोजावेत. माझ्या मते नव्या ड्रायव्हरला पाच तासही फार झाले. दोन-अडीच तासांनी पंधरा मिनिटे उतरावे.

परतीची गाडी रिकामी असते, म्हणून तिला कोणी मोजत नाही. वाशीत माल उतरला की मुलगा लगेच निघतो, वाटेत भात-मटणावर ताव मारतो, आणि दुपारी दोन ते चार या दुसऱ्या गुंगीच्या वेळी रस्त्यावर असतो. ठाण्याच्या उन्हात केबिन तापते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण गावात असलेल्या जुन्या गाड्यांना ती नाही. आमच्या मुलाने वाशीतच सावलीला पाच तास झोप काढली, पिठले-भाकरीचे हलके जेवण घेतले आणि चार वाजल्यानंतर निघाला. कसारा दिवेलागणीच्या सुमारास चढला, घोटीला चहा घेतला आणि रात्री नऊच्या आत पिंपळगावात आला. आईने खोलीच्या खिडकीला गोणपाट लावून ठेवले होते. सकाळी उशिरापर्यंत त्याला कोणी हाक मारली नाही.