परत यायला दार

अमेरिकेत लेकीकडे गेलो, तेव्हा लॉस एंजेलिसलगतच्या वेस्ट हॉलिवूडमधल्या किंग्ज रोडवरचं रुडॉल्फ शिंडलर यांचं घर आम्ही दोघांनी पाहिलं. आधुनिक वास्तुकलेच्या या आरंभीच्या वास्तुविशारदानं १९२२ मध्ये ते दोन जोडप्यांसाठी बांधलं. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, गच्चीवर झोपायची सोय. स्वयंपाकघर मात्र एकच.

दुसरं जोडपं लवकरच गेलं. शिंडलर आणि पत्नी पॉलिनही वेगळे झाले. पण काही वर्षांनी त्या परतल्या आणि त्याच घराच्या दुसऱ्या भागात राहिल्या. १९५३ मध्ये शिंडलर वारले. पॉलिन १९७७ पर्यंत तिथंच होत्या.

सध्या अब्बांच्या घराची वाटणी चालू आहे. मधली भिंत होईलच. तिच्यात एक दार ठेवा, एवढंच आम्ही भावांना आणि भाभींना सांगणार आहोत.