दाराची कडी

कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची रीतसर नोंदणी झाली. ती हकीकत वाचताना इंजिनाचे व पंखांचे कौतुक वाटलेच. पण माझे मन अडून राहिले ते एका क्षुल्लक गोष्टीपाशी. घरी बांधलेल्या विमानाच्या दाराला बिजागऱ्या आणि कडी कशी बसवत असतील?

शोध घेता कळले की, ही गोष्ट क्षुल्लक नाही. उडत्या विमानाच्या फुगीर अंगावरून वारा वेगाने वाहतो, तेथे दाब कमी होतो आणि दार बाहेर ओढले जाते. म्हणून बाजूच्या दाराच्या बिजागऱ्या बहुधा पुढच्या कडेला बसवतात. कडी निसटली तरी समोरचा वारा दार फार उघडू देत नाही. ‘आर.व्ही.-१०’ या घरी बांधावयाच्या विमानाची दारे मात्र छताला टांगलेली असतात. काहींची दारे हवेतच निखळून गेली, तेव्हा त्यांना आणखी एक कडी जोडण्यात आली. १९७४ मध्ये पॅरिसजवळ कोसळलेल्या ‘डी.सी.-१०’ च्या मालकप्प्याची मूठ मिटली होती, पण आतले अडसर पुरते बसले नव्हते. ३४६ जीव गेले. उलट १९६७ मध्ये ‘अपोलो-१’ चे आत उघडणारे दार आगीने वाढलेल्या दाबामुळे उघडेना. तिघे अंतराळवीर आतच गेले.

हे वाचले आणि पांढुर्ण्याचे आमचे जुने घर आठवले. गोटमारीचा दिवस, सारे जाम नदीच्या काठी. गर्दीच्या धास्तीने आजीने आतून कडी घातली आणि माजघरात पाय घसरून ती पडली. आम्ही परतलो तो आतून क्षीण हाक. बिजागऱ्याही आतल्याच बाजूस. त्या दिवशी सुतार मिळता मिळेना. अखेर एकाने येऊन कडीजवळची फळी कापली. आजी वाचली; पण त्यानंतर ती काठीवाचून चालली नाही.

नवी फळी बसविताना सुताराने बारीक भोक पाडून कडीची दोरी बाहेर काढली. वडील म्हणाले, “अहो, ही चोराला दिसेल.”

“दिसू दे,” खाटेवरून आजी म्हणाली, “त्या दिवशी चोराने तरी दार उघडले असते.”